माळ घातली, ताटाचे काय?

तेरणाकाठच्या तेर गावी संत गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन मंदिराच्या ओट्यावर टेकलो होतो. शेजारी सत्तरीचे एक आजोबा बसले होते. वर्षापूर्वी तुळशीची माळ घातली आणि मांसाहार सोडला. मी डॉक्टर आहे हे कळताच कौतुकाने म्हणाले, “सहा किलो उतरलो!” मला मात्र त्यांचे सैल पडलेले दंड आणि उठताना खांबाकडे गेलेला हात दिसला. ताटातून अंडी-मटण गेले. उरले भाकरी, ठेचा आणि चहा.

शाकाहाराने वजन आटोक्यात येऊ शकते. तळण, साबुदाणा, गोडधोड वाढले तर ते वाढतेही. उतारवयात मात्र वजनाबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून ज्वारीच्या भाकरीसोबत रोज घट्ट वरण, मोडाची मटकी किंवा पिठले आणि दूध-दही असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. त्याची तपासणी करून घ्यावी. प्रयत्नांवाचून ६ ते १२ महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले, तर कारण शोधलेच पाहिजे.

आजोबांच्या सूनबाईंना एवढेच सांगितले : माळ राहू द्या, ताट भरा; आणि वैद्यकीय तपासणी लांबवू नका.