उस्तादांचं देणं

धारच्या कॉलेजात नोकरी लागली त्याच वर्षी वडील गेले आणि त्यांची लहानशी पेट्रोल गाडी माझ्याकडे आली. वडील देवासच्या बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. गाडी त्यांनी फार जपली होती. आठवडाभर मी धारला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी घाटाबिल्लोद, बेटमा, इंदूरचा बायपास, शिप्रा असं करत देवासला आईकडे जायचे. चामुंडेची टेकडी दिसू लागली की घर आलं. आमच्यासारखी मराठी घरं पवारांच्या पाठोपाठ अठराव्या शतकात माळव्यात आली आणि इथलीच झाली. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती, धारला तिसरी गादी. सोयरिकी मात्र तिन्हीकडे. त्यामुळे धार मला परकं कधीच वाटलं नाही. फक्त गाडीबद्दल विचारावं असं कोणी तिथे नव्हतं.

ते माणूस मला पावसाळ्यात भेटलं. घाटाबिल्लोद मागे पडलं आणि गाडी झटके मारू लागली. पिकअप गेला, स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. कशीबशी धारच्या वेशीपर्यंत आले. इंदूरच्या रस्त्यालाच पत्र्याची शेड होती, बाहेर दोन ट्रॅक्टर आणि एक जीप उभी. ज्यांना सगळे उस्ताद म्हणत होते ते पुढे आले. साठीच्या आसपासचे, हातात कापसाच्या चिंध्यांचा बोळा. तरुणपणी बरीच वर्षं पीथमपूरला इंजिनांच्या जुळणीवर काढलेली, हे मला नंतर कळलं.

त्यांनी बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलं, “बेटा, बत्ती जल रही थी या टिमटिमा रही थी?”

चढावर टिमटिमत होती, मग स्थिर झाली, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तिथेच, पावसाच्या आवाजात, मला पहिला धडा दिला. दिवा स्थिर असेल तर गाडीने तक्रार नोंदवली आहे. सावकाश चालवत मिस्त्रीपर्यंत जाता येतं. दिवा टिमटिमत असेल तर एखाद्या सिलेंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. ते सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली चिनी मातीची जाळी वितळवून टाकतं. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडी कडेला घ्यायची. आणि लाल दिवा, मग तो तेलाच्या बुधलीचा असो की तापमानाचा, दिसला की इंजिन त्याच क्षणी बंद. “उसमें घर नहीं पहुँचना है, किनारे पहुँचना है.”

मग त्यांनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तळहाताएवढा स्कॅनर लावला. आकडा आला पी-०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलेंडरचा मिसफायर. उस्तादांनी तो वहीत लिहिला आणि त्याखाली त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान हेही उतरवलं. तक्रार नोंदवताना गाडीचा संगणक हे सगळं सोबत टिपून ठेवतो. कोड पुसण्याआधी हे लिहून घ्यायचंच, अशी त्यांची ताकीद असे. पुसलं की साक्षीदारच गेला.

पुढचं मी वाकून पाहिलं. दुसऱ्या सिलेंडरवरची इग्निशन कॉइल त्यांनी एक बोल्ट काढून वर ओढली, तिसऱ्यावरचीही काढली आणि दोघींची अदलाबदल केली. कोड पुसला, गाडी सुरू केली. इंजिन तसंच लंगडत होतं. थोड्या वेळाने पुन्हा स्कॅनर लावला तर आकडा पी-०३०३.

“देखा? मर्ज कॉइल के साथ चल के गया.”

दुखणं दुसऱ्याच सिलेंडरमध्ये राहिलं असतं तर त्यांनी प्लगची अदलाबदल केली असती, मग इंजेक्टर तपासला असता, शेवटी कॉम्प्रेशन मोजलं असतं. स्वस्तातून महागाकडे आणि वरून आत, हा त्यांचा क्रम कधी मोडला नाही. ती कॉइल त्यांनी माझ्या हातात दिली. तिच्या काळ्या रबरी नळीवर केसाएवढी चीर होती आणि चिरेला लागून राखाडी रेघ. ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता या वाटेने बाजूच्या लोखंडात उतरत होती. पावसाच्या ओलीने तिचं आणखी फावलं होतं. मला वाटलं, नवी कॉइल बसवली की झालं. उस्तादांनी चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले आणि फीलर गेजची पाती त्यांच्या फटीत घातली. फट झिजून रुंद झालेली. रुंद फट ओलांडायला कॉइलला जास्त दाब तयार करावा लागतो, त्या ताणाने ती फुटते. नुसती कॉइल बदलली असती तर नवीही त्याच वाटेने गेली असती.

मी भौतिकशास्त्र शिकवते. घरी जाऊन मी वाचत बसले, की कुठला सिलेंडर चुकला हे संगणकाला कळतं कसं. उत्तर इतकं देखणं आहे की मी ते दर वर्षी वर्गात सांगते. प्रत्येक सिलेंडर पेटला की क्रँकशाफ्टला धक्का मिळून तो किंचित वेग घेतो. एक सिलेंडर चुकला की त्याच्या वाट्याच्या अर्ध्या फेऱ्यात शाफ्ट कणभर रेंगाळतो. शाफ्टजवळचा सेन्सर दातेरी चाकाचे दात मोजत असतो. तो रेंगाळणं पकडतो. संगणकाने कॉइल पाहिलेली नसते, प्लग पाहिलेला नसतो. त्याला फक्त एक उशीर झालेला पल्ला कळलेला असतो. म्हणून कोड म्हणजे तक्रारीची नोंद. निदान माणसालाच करावं लागतं. हे मला पुस्तकाने नंतर सांगितलं, उस्तादांनी आधी दाखवलं.

याची किंमत मला दोनच वर्षांत कळली. दिवा पुन्हा लागला तेव्हा मी देवासला होते, म्हणून एका मोठ्या वर्कशॉपात गेले. पी-०४२० आला आणि कन्व्हर्टर बदलायचं अंदाजपत्रक हातात पडलं. रक्कम माझ्या आवाक्याबाहेरची. मी ते घेऊन धारला आले. उस्ताद म्हणाले, गाडी रात्रभर इथे ठेव. सकाळी गार इंजिन सुरू करून त्यांनी पोराला सायलेन्सरचं तोंड ओल्या फडक्याने क्षणभर दाबायला सांगितलं आणि स्वतः बॉनेटखाली कान लावला. मॅनिफोल्डच्या जोडापाशी सूं आवाज आला. तिथे गास्केटच्या कडेने काजळीची काळी जीभ उमटली होती. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याची सुई सारखी वरखाली होते, मागच्याची संथ राहिली पाहिजे. दोघी सारख्याच नाचू लागल्या की संगणक कन्व्हर्टर संपला असं मानतो. फुटक्या जोडातून धुराच्या ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतात. गास्केट बदललं. दिवा गेला तो गेलाच.

कोड वाचायचा आणि त्यात ज्याचं नाव येईल तो पार्ट बदलायचा, ही रीत आता सगळीकडे पसरली आहे आणि मला तिचा राग येतो. ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असं सांगणाऱ्या पी-०१७१साठी लोक ऑक्सिजन सेन्सर बदलून घेतात. तो बिचारा खरं तेच सांगत असतो. हवेची नळी कुठेतरी चिरलेली असते. पावसाळ्यात उंदीर वायरिंग कुरतडतात, त्यातून चार-चार कोड एकदम येतात आणि भरमसाट बिलं होतात. उस्ताद अशा वेळी आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग पाहत.

हा दिवा मुळात गाडीवाल्यासाठी आलाच नाही. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेला कंटाळून कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाड्यांना स्वतःवर नजर ठेवायला लावली. १९९६ पासून सगळ्या अमेरिकेत एकाच ठेवणीचं सॉकेट आणि एकाच भाषेतले कोड आले. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या गाड्यांना ही व्यवस्था २०१० पासून आली आणि २०१३ पासून तिचा दुसरा, जास्त कडक टप्पा. धुराची राखण करायला बसवलेला दिवा धारच्या शेडमध्ये एका जाणत्या माणसाच्या हाती लागला, हे माझं भाग्य.

कारण गास्केट बदलल्यानंतरच्या हिवाळ्यात, रात्री उशिरा, देवासला आईच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी इंदूरला हलवायला सांगितलं. मी आईला मागच्या सीटवर झोपवलं, शेजारच्या वहिनी तिच्याजवळ बसल्या. शिप्रा ओलांडलं आणि पिवळा दिवा लागला. वहिनी म्हणाल्या, “थांबव गं, गाडी बंद पडेल.” मी दिव्याकडे नीट पाहिलं. स्थिर. लाल काही नाही. इंजिनाचा आवाज एकसारखा, झटका नाही. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खालीच. उस्तादांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मी वेग आवरता ठेवला आणि थांबले नाही. आई वेळेत पोचली, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आज ती ऐंशी पार करून देवासच्या घरी आहे.

पुढे धारला गेल्यावर मी उस्तादांना सगळं सांगितलं. त्यांनी आईची चौकशी केली, औषधं कुठली ते विचारलं, आणि मगच स्कॅनर काढला. पी-०१२८. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, म्हणून थंडीत इंजिन गरम होत नव्हतं. मजुरी आणि पार्टाचे पैसे त्यांनी घेतले. कोड वाचण्याचे कधीच घेतले नाहीत.

साखरेने आता त्यांची नजर गेली आहे. शेड पुतण्या चालवतो. उस्ताद बाहेर खुर्ची टाकून बसतात आणि गाडी आत येतानाच आवाजावरून काहीबाही सांगतात. पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यांनी मला बसवून विचारलं होतं, तिथे नेमकं काय काय तपासतात. अलीकडे त्यांना विजेच्या गाड्यांनी पछाडलं आहे. प्लग नाही, कॉइल नाही, सायलेन्सर नाही. मग मिस्त्री काय ऐकणार? म्हणून सवड मिळाली की संध्याकाळी मी त्यांना बॅटरीवरचं पुस्तक वाचून दाखवते, इंग्रजीतून हिंदी करत. परवा वाचलं की एखाद्या सेलचा व्होल्टेज कमी दिसला तर गाडी तक्रार नोंदवते.

“सेल कमजोर है, या सेल का तार ढीला है?” त्यांनी लगेच विचारलं. “अदल-बदल के देखते हैं क्या?”

मी सांगितलं, तिथे शेकडो व्होल्ट असतात. शिकलेल्या माणसाशिवाय कोणी हात लावायचा नसतो. उस्ताद थोडा वेळ बोटांनी खुर्चीचा हात चाचपत राहिले.

“फिर नापते कैसे हैं? वो पढ़ के आना.”

तो भाग मी आता वाचते आहे.