मागितलेला हात

हार्मोनियमच्या साथीला बसू लागल्याला मला चाळीस वर्षे झाली, आणि एवढ्या काळात हाताला सर्वांत उशिरा साधलेली गोष्ट कोणती, असे कोणी विचारले, तर गवयाने सोडलेली जागा मोकळी राहू देणे, हेच उत्तर मी देईन. उमेदीच्या दिवसांत गवई दम घ्यायला थांबला की माझी बोटे तेथे धावत, आणि मैफलीनंतर गुरुजी एवढेच म्हणत, "ती जागा त्याची होती." या वाक्याचा पुरता अर्थ मला उमगला तो 'प्लँक्सटी' या आयरिश चौकडीच्या, १९७३ साली निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेमुळे.

तिच्या आरंभीच जिप्सींच्या मागे घरदार सोडून गेलेल्या एका उमरावपत्नीचे गीत आहे. जॉन रायली या भटक्या जमातीतल्या गायकाकडून मिळालेले ते गीत क्रिस्टी मूर गात असताना डोनल लनींचे बुझुकी आणि अँडी आयर्विनांचे मँडोलिन एकमेकांच्या स्वरांमधल्या फटींतून अशी वाट काढतात, की साथ कोण कोणाला करतो आहे, हा भेदच मावळतो. गीत सरते, वादन मात्र खंडत नाही. ते बेमालूमपणे एका जुन्या, संथ धुनेत उतरते.

या संचातले लिअम ओ'फ्लिन यांचे इलन पाइप्स हे वाद्य मला विशेष जवळचे वाटते, कारण त्यालाही भाता आहे. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या बगलेत वाऱ्याची पिशवी, दोन्ही हातांची बोटे सुरावटीच्या नळीवर, खाली अखंड सूर धरणाऱ्या तीन नळ्या, आणि मनगटाने चाव्या दाबून वाजवायच्या आणखी तीन: एवढा सरंजाम मांडीवर असलेल्या वादकाने मनात आणले, तर तो साऱ्या संचाला झाकून टाकील. ओ'फ्लिन तसे करीत नाहीत, आणि हा संयमच मला त्यांच्या तालमीची खरी मिळकत वाटते.

त्या संथ धुनेचे कर्तृत्व परंपरेने रोरी डॉल ओ काहान या अंध हार्पवादकाकडे दिले आहे. आख्यायिका अशी, की स्कॉटलंडातल्या लेडी एग्लिंटन यांनी मुलाहिजा न ठेवता त्याला वाजविण्याचे फर्मान सोडले, तेव्हा तो उठून गेला. पुढे त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा त्याने ही धून बांधली आणि तिला नाव दिले, 'तुझा हात दे'. वादन हुकमाने करवून घेता येईल. साथ मात्र मागावी लागते, आणि मागितली जाईपर्यंत थांबावेही लागते.

हल्ली गवई थांबला, म्हणजे माझा डावा हात भात्यावर असतो, उजव्या हाताचे बोट षड्जाच्या पट्टीला नुसते टेकलेले असते, आणि ती पट्टी मी दाबीत नाही.