मुलगा की मुलगी? नाव सांगणार नाही!

रायपूरच्या एखाद्या शाळेच्या पटावर नुसते 'किरण' असे नाव वाचले, तर हजेरीला मुलगा उभा राहील की मुलगी, हे सांगणे कठीण. मराठी माणसाला आठवतो यष्टिरक्षक किरण मोरे, तर हिंदी शेजाऱ्याला किरण बेदी. 'सुमन' म्हटले की आपल्याला गायिका सुमन कल्याणपूर आठवतात, बंगाली घरात मात्र सुमन हा मुलगा असतो. 'कमल' ही आपल्याकडे मावशी-आजीच्या पिढीतली बाई, लेखिका कमल देसाईंसारखी. हिंदी मुलखात तो खुशाल कमल नाथ होतो. आपल्या माणिक वर्मा आणि त्रिपुराचे माजी मुख्यमंत्री माणिक सरकार यांची गंमतही तीच.

देशभरात विखुरलेला हा घोळ रायपुरात एकाच गल्लीत सापडतो. हावडा-मुंबई लोहमार्गावरचे हे शहर 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगडची राजधानी झाले. पण ओडिया, बंगाली, गुजराती, सिंधी, पंजाबी, तेलुगू माणसे त्याआधीपासूनच इथे नांदत होती. आणि मराठीही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले 1758मध्ये रतनपूरला येऊन कारभार पाहू लागले. 1854मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी 1956पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. नोकरी-वकिलीच्या निमित्ताने मराठी घरे येत राहिली. तात्यापारा ही वस्ती नावातूनच ओळख सांगते. 1900 साली 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे आणि पुढे टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच परंपरेतले.

अशा घरात पाळणा हलणार असला, की हल्लीच्या आई-वडिलांना वाटते, नाव वेगळे हवे आणि ते मुलाला किंवा मुलीला, कुणालाही शोभावे. बारशाच्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात जे कुजबुजायचे, त्यात मुलगा-मुलगी हा भेद कशाला? आजी मात्र विचारते, "अगं, पण लोकांना कळायला नको का?" आजीला हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी पद्धत. महाराष्ट्रात मधले नाव वडिलांचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. हिंदी मुलखात मधले नाव त्या व्यक्तीचेच धरले जाते. 'किरण विजय' अशा मुलीच्या नावे 'श्री' लिहिलेले पत्र येणार, हे ठरलेलेच. दोघांनाही चालेल असे नाव रायपुरात ठेवायचे, तर मधल्या नावाचाही विचार आधी करावा लागतो.

घाई करायला नको, हे बरे. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. पुढे 12 महिन्यांपर्यंत काही शुल्क न भरता आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत नाव घालता येते. मात्र एकदा लिहिलेले नाव बदलणे जिकिरीचे. म्हणून घरात चार दिवस वाद झाला तर होऊ द्यावा.

तोवर शेजाऱ्यांकडे पाहावे. शीख घरात हरप्रीत किंवा मनजीत मुलगाही असतो, मुलगीही. पुढे 'सिंग' आहे की 'कौर' एवढेच पाहायचे. बंगाली घरात हाक मारायचे नाव वेगळे. 'मिठू' मुलालाही चालते, मुलीलाही. मराठी पाहुणा मात्र मिठू ऐकून पिंजरा शोधतो, त्याला इलाज नाही!

सर्वांत श्रीमंत भांडार खुद्द छत्तीसगढी माणसाचे. मूल ज्या वारी जन्मले, तोच वार त्याचे नाव. सोमवारचा सोमारू, मंगळवारचा मंगलू. आधीची मुले जगली नाहीत, तर नवे मूल नावापुरते कुणाला तरी 'विकायचे' आणि परत घ्यायचे, म्हणजे काळाची नजर चुकते. मुलगा असेल तर बिसाहू, मुलगी असेल तर बिसाहिन, म्हणजे विकत घेतलेली. हसू येईल असे हे नाव, पण त्यामागे किती रिकामे पाळणे असतील!

त्याहून विलक्षण रीत 'मितान' बदण्याची. दोन जिवलग देवासमोर मैत्रीची गाठ बांधतात आणि त्या दिवसापासून एकमेकांना जन्मनावाने हाक मारत नाहीत. कुणी 'महाप्रसाद' म्हणतो, कुणी 'गंगाजल', तर भोजलीचे अंकुर एकमेकींना देणाऱ्या मैत्रिणी 'भोजली'. दोघांचेही नाव एकच! 'गंगाजल' अशी हाक ऐकून ओ देणारा पुरुष आहे की बाई, याची कुणी चौकशी करत नाही. छत्तीसगडमध्ये 2002पासून गावोगावी काम करणाऱ्या आरोग्यसेविकांना 'मितानिन' म्हणतात, तेही याच नात्यावरून.

नद्याही इथे असा भेद मानत नाहीत. शिवनाथ आणि हसदेव ही नावे पुरुषांची, पण दोन्ही नद्याच. अरपा आणि पैरी या दोन नद्यांची नावे 2019पासूनच्या राज्यगीतात आहेत. अरपा हे मुलालाही वाईट दिसणार नाही. पैरी म्हणजे छत्तीसगढीत पायातले पैंजण, तेव्हा ते मुलाला ठेवायला थोडे धाडस हवे.

पैरी महानदीला मिळते ते ठिकाण रायपूरहून पंचेचाळीसेक किलोमीटरवर आहे. नाव राजिम. सुटीच्या दिवशी सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. महानदी, पैरी आणि सोंढूर या तीन नद्यांचा हा संगम; नदीच्या पात्रातच कुलेश्वर महादेवाचे देऊळ उभे आहे. उन्हाळ्यात वाळू तुडवत तिथवर जाता येते, पावसाळ्यात देवळाभोवती पाणीच पाणी. काठावर राजीवलोचनाचे, म्हणजे विष्णूचे प्राचीन मंदिर. त्याचे कोरीव दरवाजे आणि खांब पाहायला अर्धा दिवसही अपुरा पडतो.

पण बाळाच्या नावासाठी आलेल्यांनी जवळच्या तेलिणीच्या देवळाकडेही वळावे. गावाचे नाव राजिम कसे पडले, याच्या दोन कथा आहेत. कुणी म्हणतो, देव राजीवलोचन, म्हणून गाव राजिम. कुणी म्हणतो, छे, राजिम नावाची तेल विकणारी एक बाई होती, तिला ही मूर्ती मिळाली, म्हणून गाव तिचे. देवाचे नाव गावाला की तेलिणीचे, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटावा अशी कुणाला फारशी घाईही दिसत नाही.

राजिम! देवाचेही आणि तेलिणीचेही. कानाला गोड, लिहायला सोपे आणि वर्गात दुसरे मिळण्याची शक्यता कमी. ऐकणारा कदाचित 'रहीम का?' असे विचारील. तेव्हा हा गावाचा पत्ता द्यावा. आजीचा होकार मिळवायचा, तर तिलाच सोबत घेऊन जावे. परतीच्या वाटेवर तिच्या हातात संगमाचे पाणी भरलेला तांब्या असतो आणि ओठांवर एकच प्रश्न, "आता पाळण्यावर काय लिहायचे, तेवढे सांगा!"