सूर हलतो कुठून?

मिरजेच्या आमच्या घरी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची एक एलपी आहे, माझ्याहून वयाने मोठी. खाँसाहेब १९३७ साली गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणं होतं. अब्बा लहानपणापासून त्या गाण्याला बसत आले. अम्मीला ही रेकॉर्ड वाजलेली फारशी पसंत नसे, पण तिची अट एकच होती: अजान झाली की सुई उचलायची.

या रेकॉर्डच्या एका बाजूला सूर हलतो. खाँसाहेब षड्जावर थांबले की आवाज किंचित चढतो, किंचित उतरतो. त्यांच्यासारख्या माणसाचा सूर हलावा, हे सहन होत नाही. आमचं जुनं टर्नटेबल रबरी पट्ट्याचं. पट्टा सैल झाला की वेग ढळतो, म्हणून मी दोनदा नवा पट्टा घातला. फरक शून्य. मग डोक्यात भरलं की आता डायरेक्ट ड्राइव्हच घ्यायचं.

यात पट्टा नसतोच, मोटरच्या आसावरच थाळी बसते. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० आणलं तेव्हापासूनची ही पद्धत. त्यांचंच एसएल-१२०० पुढे डीजे लोकांनी जगभर नेलं, २०१० मध्ये ते बंद झालं आणि २०१६ मध्ये परत आलं. परत आलं तेव्हा त्यातलं १२००-जी अमेरिकेत ४००० डॉलरला होतं. आपल्याकडे आणायचं तर वर कर. माझ्या पीएफमधून एवढे पैसे काढायचे म्हटल्यावर बायको दोन दिवस बोलली नाही. तिचं चूक नव्हतं.

पुण्यातल्या एका मित्राकडे हेच मशीन आहे. घेण्याआधी ऐकून यावं म्हणून अब्बांना आणि रेकॉर्डला घेऊन गेलो. थाळी ३.६ किलोची, वर पितळेचा थर. मोटरीत लोखंडी गाभा नाही. गाभा असला की चुंबक त्याला थांबून थांबून ओढतो आणि फिरण्यात बारीक हिसके येतात. इथे ते कारणच काढून टाकलंय. वेगातली थरथर कंपनी ०.०२५ टक्के सांगते. बटण दाबलं की थाळी क्षणात पूर्ण वेगात. आधी मित्राची एक सतारीची रेकॉर्ड लावली. मींडेनंतर सूर जिथे थांबला तिथेच राहिला. मी मनातल्या मनात पैसे मोजून टाकले.

मग आमची लावली. सूर हलला! अगदी घरच्यासारखा.

मित्र ओशाळला, मशीन त्याचं ना. अब्बा मात्र उठून जवळ गेले, चष्मा वर करून वाकले आणि म्हणाले, "मशीनकू कायकू नाम रखता? छेद देख."

पाहिलं, तर सुईचा आर्म हलकेच डावीकडे, उजवीकडे झुलत होता. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, सूरही नेमका तेवढ्याच वेळाने चढत-उतरत होता. रेकॉर्डचं भोक मध्यावर नव्हतं. मी कागदावर हिशेब केला: भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकलेलं असेल, तर मध्यापासून दहा सेंटीमीटरवर वेगात अर्धा टक्का फरक पडतो. म्हणजे मशीनच्या थरथरीच्या वीसपट. थाळी कितीही नेमकी फिरो, तिला बिचारीला हे कळणार कसं? (नाकामिचीने तबकडी आपोआप मध्यावर आणणारं एक मशीन केलं होतं, पण त्याची किंमत विचारायची हिंमत कोणी करू नये.)

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मग काय. घरी मी सरकवून लावायचो."

आणि आठवलं. रेकॉर्ड ठेवल्यावर अब्बा तिच्या कडेला बोटाने टिचकी मारायचे, फिरवून बघायचे, पुन्हा टिचकी. आम्हा भावंडांना ती त्यांची खोड वाटायची. भोक त्यांनी कधीतरी कानसून थोडं मोठंही केलेलं होतं. मी ते झिजलं असं समजत होतो. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून रेकॉर्ड मीच लावतो, आणि मी ती सरळ ठेवून देतो.

मित्राने मशीन थांबवलं. अब्बांचा हात आता कापतो, म्हणून बोट माझं आणि नजर त्यांची. "जरा इकडे. नाही, जास्त झालं. अर्धं मागे." पाचव्या खेपेला आर्म जवळजवळ स्थिर झाला. सुई टेकवली. अब्बा डोळे मिटून बसले, आणि बाजू संपेपर्यंत कोणी बोललं नाही.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, "केवढ्याचं होतं रे ते?" मी आकडा निम्मा करून सांगितला.