पाठ फिरवायची नाही

तारपा जगानं पाहिलाय, ऐकलेला नाही. कुर्त्यावर, चहाच्या मगावर, हॉटेलाच्या भिंतीवर पांढऱ्या रेषांच्या माणसांची ती गोल गोल गुंडाळत गेलेली साखळी दिसते, आणि तिच्या पोटात एकजण तोंडाला भलंमोठं काहीतरी लावून वाकलेला असतो. त्या वाकलेल्या माणसाला ऐकायचं तर जव्हारकडे जावं लागतं.

जव्हार तालुक्यात वाळवंडा नावाचं गाव आहे. भिकल्या लाडक्या धिंडा तिथले. नव्वदी पार केलेले हे बाबा तारपा वाजवतात आणि स्वतःच्या हातानं बनवतातही. घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. २०२६च्या जानेवारीत पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना हाच सन्मान २०११ साली मिळाला होता. म्हणजे चित्र काढणाऱ्यापाठोपाठ चित्रातल्या वादकाला दिल्लीपर्यंत पोचायला पंधरा वर्षं लागली. यात नवल नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. कागद गुंडाळून मुंबईला नेता येतो. छातीतला दम कसा गुंडाळणार?

हा दम म्हणजे काय प्रकार आहे, ते वाद्य जवळून पाहिल्यावर कळतं. वर वाळवलेला भोपळा. त्यातल्या बिया आणि गर काढून तो पोकळ केलेला. त्याच्या खालच्या अंगाला बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या, त्यांवर बोटांसाठी भोकं. नळ्यांची जी टोकं भोपळ्यात जातात, तिथे बांबूच्याच पातळ जिभा, म्हणजे जिभाळ्या. नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला ताडाच्या पात्याचा गुंडाळून केलेला लांब कर्णा. सगळे सांधे मधमाशीच्या मेणानं लिंपलेले. मेणात सुईएवढी फट राहिली, तरी वादकाचा निम्मा श्वास तिथूनच पसार होतो. त्यामुळे तारपा वाजवणाऱ्याला तारप्याची दुरुस्ती यावीच लागते. जिभाळी पातळ तासली की आवाज चिरका, जाड राहिली की मुकी. ती किती तासायची याचं माप कुठे लिहिलेलं नाही. तासायची, फुंकायची, पुन्हा तासायची.

बासरीवाला ओठांनी सुराला हळू करतो, थांबवतो. सनईवाल्याची जीभ पत्तीला लागते. तारप्यात जिभाळी भोपळ्याच्या आत बंद, तिला ओठ लागतच नाहीत. त्यामुळे आवाज हळू-मोठा करणं जवळजवळ हातात नसतं, आणि सूर मध्येच तोडायची सोयही नाही. तोडायचा नाहीच म्हणा. वादक गाल फुगवून त्यात हवा साठवतो, ती भोपळ्यात सोडता सोडता नाकानं नवा श्वास घेतो, आणि सूर अखंड चालू राहतो. नाच तासन् तास चालतो, तेव्हा श्वासाचा हा फेराही तितकाच वेळ चालतो. इतक्या कमी सोयींत रंग भरायचा तो फक्त बोटांनी आणि चालींनी. चाल म्हणजे धून आणि तिच्याबरोबरचं पाऊल, दोन्ही. देवाची चाल वेगळी, बायांची चाल वेगळी, मुऱ्हा चाल वेगळी.

आणि इथे श्रोता म्हणून समोर कुणी बसलेलं नसतं. श्रोते नाचत असतात. एकमेकांच्या कमरेला हात घालून बायाबाप्यांची साखळी तारपकऱ्याभोवती फिरते, पुढच्याच्या हातात घोळकाठी असते, तो ती जमिनीवर आपटून ठेका धरतो. तारपकरी वळला की साखळी वळते. चाल बदलली की पहिल्या दोन-तीन पावलांत शेपटीपर्यंत निरोप पोचतो. नियम एकच: तारप्याकडे पाठ फिरवायची नाही. वाद्याला देव मानतात म्हणून तो आहे, पण वादकाच्या बाजूनं पाहिलं तर त्याला सगळ्यांची तोंडं आणि पावलं सतत दिसत राहतात. कोण दमलं, कुणाचं पाऊल चुकलं, पोरांना कंटाळा आला का, हे त्याला टाळ्यांची वाट न पाहता कळतं. पाऊल जड झालं की चाल बदलायची.

शहरातल्या महोत्सवात मात्र हाच नाच दहा मिनिटांत बसवतात. गोल उघडून त्याची रांग करतात, रांगेची तोंडं खुर्च्यांकडे, आणि तारपकरी जातो एका कडेला माइकसमोर. मान मिळतो, मानधन मिळतं, ते मिळायलाच हवं. पण वादकाला पावलं दिसेनाशी होतात, आणि मग तो ठरलेली चाल ठरल्याप्रमाणे वाजवून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

गावातला प्रश्न आणखी वेगळा आहे. तारप्याचा हंगाम भात कापणीच्या सुमाराला रंगतो आणि दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर निघून जातात, भिवंडी-वसईकडे. कलावंतानं आपला रसिक ओळखावा असं पुस्तकं सांगतात; इथल्या कलावंताला आधी रसिक घरी कधी असतो ते पाहावं लागतं. लग्नात बेंजोपार्टीचा कीबोर्ड तारप्याचा सूर काढतो आणि पोरं त्यावर बेभान नाचतात. जुनी माणसं नाक मुरडतात. पण त्या पोरांच्या पायांना अजून तीच चाल कळते, हे त्यांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

शिमग्याला माणसं परत येतात, आणि शिमग्यानंतर येतो सोंगांचा उत्सव, बोहाडा. मोखाड्याचा बोहाडा नावाजलेला. रात्रभर गावच्या रस्त्यानं सोंगं नाचत येतात: गणपती, सरस्वती, मग देव, दैत्य, राक्षसिणी, शेवटाकडे देवी आणि महिषासुर. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, वर रंग. सोंग घेणाऱ्याची अडचण तारपकऱ्याच्याच जातीची: मुखवट्याचा चेहरा बदलत नाही. रागावलेला आहे तो पहाटेपर्यंत रागावलेलाच. डोळ्यांच्या भोकांतून दिसतं जेमतेम, म्हणून टेंभेवाला उजेड घेऊन पुढे असतो. मग राग दाखवायचा तो खांद्यांनी, मानेच्या हिसक्यानं, संबळाच्या ठेक्यावर मागे सरून एकदम पुढे येण्यानं. चांगल्या सोंगाचा मुखवटा टेंभ्याच्या हलत्या उजेडात भुवया उडवतो असा भास होतो. कच्च्या सोंगाचा मुखवटा नुसता रंगवलेला ठोकळा राहतो. लोकांना फरक कळतो. कोणतं सोंग कोणत्यामागून येणार, हे रस्त्याच्या दोन्ही कडांना बसलेल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. गोष्टीत काही नवं नसताना लोक उठून जात नाहीत, कारण ते गोष्ट बघायला आलेले नसतात. यंदाचा नाचणारा ती कशी पेलतो ते बघायला आलेले असतात.

मोखाडा नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे जव्हारला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. बोहाड्याचा दिवस गावागणिक वेगळा असतो, तो तिथे कुणालाही विचारावा. मोबाइलचा दिवा सोंगाच्या डोळ्यांवर मारू नये, त्याला आधीच कमी दिसतं. आणि जेवून जावं, पहाटेपर्यंत उठवत नाही.