तिऱ्हाईत

गेल्या दसऱ्याला आमच्या मोटारीचा थाट काय वर्णावा! सकाळीच तिला न्हाऊमाखू घातले, बॉनेटवर कुंकवाची बोटे उमटली, झेंडूची माळ नंबराच्या पाटीपर्यंत लोंबू लागली. चाकाखाली लिंबू चिरडले आणि सोने वाटायला आम्ही बाहेर पडलो. गाडीच्या रक्षणासाठी जे जे करायचे ते सारे झाले, अशी माझी समजूत होती. एक गोष्ट राहिली होती, ती पहिल्याच चौकात कळली.

एका पोरसवदा हवालदाराने हात केला. हातातल्या यंत्रात नंबर टाकला आणि अदबीने म्हणाला, "काका, इन्शुरन्स संपलाय. अकरा दिवस झाले."

मी उडालोच. पूर्वी आमचे एक विमा एजंट होते. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच ते घरी येत, दोन कप चहा पीत आणि चेक घेऊनच उठत. ते निवृत्त झाले. आता आठवण येते ती फोनवर. आणि कर्ज घ्या, साड्या घ्या, फ्लॅट घ्या, या संदेशांच्या गर्दीत ती कुठे गडप झाली, कोण जाणे.

"अहो, बावीस वर्षे गाडी चालवतोय," मी म्हणालो. "कुणाला साधा धक्का लागला नाही. कंपनीकडे आजवर एक पैसा मागितला नाही!"

"काका, तो विमा तुमच्यासाठी नसतो. तुमच्यासमोर जो येईल त्याच्यासाठी असतो," तो म्हणाला. दोन हजारांचे चलन त्याने करूनही टाकले होते.

मागून सौभाग्यवतींचा आवाज आला, "लिंबाला वर्षाचा हप्ता नसतो, म्हणून तेवढे बरे लक्षात राहते तुमच्या!"

हवालदाराने जायची खूण केली. मी किल्ली फिरवली आणि का कोण जाणे, मला आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला आठवला.

सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, कपड्यांचे गाठोडे घेऊन तो रस्ता ओलांडत असताना एका मोटारसायकलने त्याला उडवले. पायात सळई बसली, उभे राहण्याचा धंदा बसून करायची पाळी आली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याच्या बाजूने निवाडा दिला, भरपाईची रक्कमही ठरवली. पण मोटारसायकलचा विमा संपलेला होता. तेव्हा पैसे द्यायचे कुणी? मालकाने! आणि मालकाजवळ त्या मोडक्या मोटारसायकलीखेरीज काही नव्हते. अशी रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याची सोय कायद्यात आहे. पण ज्याला जमीन नाही, घर नाही, त्याच्याकडून वसूल करणार काय? निवाड्याचा कागद इस्त्रीवाल्याच्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्या वेळी ओट्यावर उभा राहून मीच तावातावाने म्हणालो होतो, "असले बेजबाबदार लोक गाडी रस्त्यावर आणतातच कशी!"

अकरा दिवस मी त्याच लोकांत जमा होतो. त्या अकरा दिवसांत मी दोनदा बाजारात गेलो होतो, एकदा शाळा सुटायच्या वेळी शाळेवरून गेलो होतो. सायकलवरचा एक मुलगा अगदी चाकापाशी येऊन हसत निघून गेला होता. तेव्हा मीही हसलो होतो.

मी किल्ली काढून घेतली. गाडी तिथेच जवळच्या वाहनतळावर ढकलत नेली आणि आम्ही रिक्षा केली. आमच्या हिने चकार शब्द काढला नाही. तेव्हाच मला प्रसंगाचे गांभीर्य कळले.

रात्री कायदा काढून वाचला. इंग्लंडने ही सक्ती १९३० साली केली. आपल्याकडे ती १९३९ च्या कायद्यात आली आणि १९४६ पासून अमलात आली. आज ती १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमात आहे. विम्याशिवाय सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड चार हजार. लोक नूतनीकरण विसरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा हा विमा एकदमच घ्यावा लागू लागला. म्हणजे विसराळूपणा ही काही माझी एकट्याची मिरास नव्हे!

मौज अशी की या सक्तीच्या विम्यात माझ्या गाडीच्या एका ओरखड्याचाही पैसा मिळत नाही. पहिला पक्ष मी, दुसरा पक्ष कंपनी, आणि सारा खटाटोप तिसऱ्यासाठी. तिऱ्हाईत हा आपला जुना शब्द. त्यात हा तिसरा कसा चपखल बसला आहे! आपण तो परका माणूस या अर्थाने वापरतो. सरकार मात्र सांगते, त्या परक्याची तजवीज केल्याशिवाय रस्त्यावर यायचे नाही. मध्यम आकाराच्या खासगी मोटारीला २०२२ साली ठरलेला दर ३,४१६ रुपये होता. फटाक्यांवर एवढे उडवताना आपण हिशेब करीत नाही.

विमा काढायला दोन दिवस गेले. कंपनीने गाडीचे चारही बाजूंनी फोटो मागवले. त्यांत ती सुकलेली माळ छान आली आहे.

तिसऱ्या दिवशी कपडे द्यायला गेलो, तेव्हा इस्त्रीवाल्याने उंच स्टुलावरून विचारले, "साहेब, गाडी दिसली नाही दोन दिवस?"

"बिघडली होती," मी म्हणालो.

गाडी बिघडली नव्हती, हे त्याला सांगायचे धैर्य मला अजून झालेले नाही. म्हणून तुम्हाला सांगितले.