मौनाचे हत्यार : ‘द अँग्री सायलेन्स’ (१९६०)

रिचर्ड ॲटनबरो हे नाव भारतात ‘गांधी’मुळे परिचित आहे. त्याच्या बावीस वर्षे आधी, प्रमुख अभिनेता आणि सहनिर्माता या नात्याने, त्यांनी असा एक चित्रपट काढला की मजूर पक्षाचा हा समर्थक कामगारांचाच वैरी ठरू लागला.

टॉम कर्टिस हा इंग्लंडमधील एका कारखान्यातला साधा कामगार. घरी इटालियन पत्नी ॲना, दोन मुले आणि तिसऱ्याची चाहूल. कारखान्यात अनधिकृत संप पुकारला जातो. अनधिकृत म्हणजे संघटनेच्या वरिष्ठांची मान्यता नसलेला. टॉम कामावर जातो. धाकदपटशा सुरू होताच त्याच्यासारखे इतर मोजके लोक माघार घेतात, टॉम घेत नाही. संप मिटल्यावर खरी शिक्षा सुरू होते. त्याच्याशी कोणीही बोलायचे नाही!

इंग्रजीत या शिक्षेला ‘कोव्हेंट्रीला पाठवणे’ म्हणतात. सतराव्या शतकातील यादवी युद्धात राजपक्षाचे कैदी या पार्लमेंटनिष्ठ शहरात पाठवले जात आणि तेथील लोक त्यांच्याशी बोलत नसत, अशी एक कथा सांगितली जाते. मराठीला अशा कथेची गरज नाही. ‘वाळीत टाकणे’ हा शब्दप्रयोग पुरेसा आहे. (महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो २०१६चा.)

गाय ग्रीन यांच्या दिग्दर्शनाचे बळ या अबोल्याच्या चित्रणात आहे. टॉमच्याच घरी राहणारा मित्र जो, म्हणजे मायकेल क्रेग, हाही कारखान्यात तोंड फिरवतो. शाळेत मुलाचा छळ होतो. शेवटी मारहाणीत टॉम एक डोळा गमावतो, तेव्हा कुठे जोला वाचा फुटते.

मात्र संप का झाला, याबद्दल चित्रपटाला फारसे कुतूहल नाही. ट्रॅव्हर्स नावाचा एक गूढ परका येतो, कारस्थान रचतो आणि कामगार मेंढरांसारखे त्याच्या मागे जातात. वेतन, सुरक्षितता, मालकांचे डावपेच यांतून उभा राहणारा खरा संप असा नसतो. १९५०च्या दशकात अनधिकृत संपांबद्दल ब्रिटिश मध्यमवर्गात जी धास्ती होती, तिचीच सावली पटकथेवर पडलेली दिसते. आदल्याच वर्षीच्या ‘आय ॲम ऑल राइट जॅक’ने त्याच धास्तीचे प्रहसन केले होते, त्यातही ॲटनबरो होतेच.

तरीही हा धंदेवाईक खटाटोप नव्हता. सुमारे एक लाख पौंडांत चित्रपट बसवण्यासाठी प्रमुख कलाकारांनी मानधनाऐवजी नफ्यातील वाटा पत्करला. ब्रायन फोर्ब्स यांच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले.

पण वेल्समधील खाणकामगारांच्या चित्रपटगृहांनी त्यावर बंदी घातली. वाळीत टाकण्याविषयीचा चित्रपटच वाळीत पडला! ॲटनबरो स्वतः वेल्सला गेले. त्यांनी खाणकामगारांना चित्रपट दाखवला, आपली बाजू मांडली, आणि बंदी उठली.